आमची बशी

गाय, पोपट, मांजर आणि फार झालें तर अंगणांत एखादें कुत्रें, यापलीकडे आमच्या घराण्यांत कोणीं प्राणी पाळल्याचें ऐकिवांत नव्हतें. जुन्या जालन्यांत आमचा वाडा आहे. वाडा जुना, माणसें तीन पिढ्यांचीं आणि चूल एक. अशा घरांत ॲमेझॉनच्या खोऱ्यांतील विषारी कांट्याचा मासा येऊन राहील आणि अडीच वर्षें आम्हां सर्वांकडून सेवा करून घेईल, असें भाकीत कोणीं केलें असतें तर आम्ही हंसलों असतों. ती हकीकत येथें सांगण्याचें कारण एवढेंच कीं, त्या मुक्या प्राण्यानें आमच्या घराला एक प्रश्न घातला आणि त्याचें उत्तर शोधतांना आम्हांला बरेंच शिकावें लागलें.

२०२१ सालची दिवाळी. माझा पुतण्या तेव्हां पुण्यास महाविद्यालयांत शिकत होता. सणाला घरीं येतांना त्यानें मिठाईच्या पुड्याऐवजीं हवा भरून फुगविलेली एक मोठी पिशवी जपून आणली आणि थेट मला गांठून म्हणाला, "काकू, आजीला आधीं तूंच सांग." पिशवीच्या तळाशीं एक गोल, चपटा जीव निजून होता. आकार चहाच्या बशीएवढा, रंग ओल्या मातीचा आणि त्यावर काळ्या कडीचे नारिंगी ठिपके. मागें बारीक शेंपटी. मी सांगण्यापूर्वींच सासूबाई देवघरांतून बाहेर आल्या, चष्मा सावरून पिशवींत डोकावल्या आणि म्हणाल्या, "अग बाई, ही तर बशी!" तेव्हांपासून तिचें नांव बशी पडलें. ती मादी आहे हें पुतण्यानें नंतर सांगितलें, तेव्हां सासूबाईंना मोठें समाधान वाटलें.

बशीनें स्वतः ॲमेझॉन कधीं पाहिली नव्हती; पूर्वेकडील कोणत्या तरी देशांतील हौदांत तिचा जन्म झाला असावा. परंतु तिचें कूळ दक्षिण अमेरिकेचें. ॲमेझॉन, ओरिनोको आणि पाराना या नद्यांच्या खोऱ्यांत ही जात आढळते. १८४१ सालीं म्यूलर व हेन्ले या जर्मन शास्त्रज्ञांनीं तिचें वर्णन केलें आणि 'मोटोरो' हें नांव तिला मिळालें. आपल्या कोंकण किनाऱ्यावरील कोळी ज्याला पाकट म्हणतात, त्याचीच ही गोड्या पाण्यांतील दूरची बहीण. पाकट आणि मुशी हीं एका वंशाचीं भावंडें. दोघांच्याही अंगांत हाड म्हणून नाहीं, सारा सांगाडा कूर्चेचा. कोट्यवधि वर्षांपूर्वीं या कुळाचे पूर्वज समुद्रांतून नदींत शिरले आणि तेथेंच रमले. समुद्रांतील पाकट खाऱ्या पाण्याशीं तोल राखण्यासाठीं रक्तांत युरिया सांठवून ठेवतो. या नदीवासी कुळानें ती विद्या टाकून दिली. त्यामुळें आतां समुद्रांत परत जाण्याची वाटही त्याला उरली नाहीं. माहेर सुटलें तें कायमचें.

या प्राण्याची रचना पाहून मी तर थक्क झालें. शाळेंत मीं पुष्कळ वर्षें शास्त्र विषय शिकविला, पण पुस्तकांतील चित्र वेगळें आणि समोरचा जिवंत प्राणी वेगळा. डोळे पाठीवर आणि तोंड पोटाखालीं, म्हणजे जें खातो तें त्याला दिसतच नाहीं. अन्न शोधावयाचें तें वासानें, आणि दुसऱ्या एका इंद्रियानें. इतर जिवांच्या शरीरांत विजेचे जे सूक्ष्म स्पंद होत असतात, ते ओळखणारे लहान कोश याच्या तोंडाभोंवतीं असतात. इटलींतील लोरेन्झिनी नांवाच्या वैद्यानें १६७८ सालींच ते पाहून ठेविले होते. त्यांचें कार्य मात्र विसाव्या शतकांत उलगडलें. डोळ्यांमागें दोन छिद्रें असतात. मासा वाळूंत अंग पुरून पडला म्हणजे तोंडाऐवजीं त्या छिद्रांनीं पाणी ओढून तो श्वास घेतो. बशी कांचेला पोट लावून वर सरकूं लागली कीं घरांतील चिमुकलीं टाळ्या पिटीत, "बशी हंसली!" वस्तुतः ज्यांना तीं डोळे समजत, त्या नाकपुड्या होत. पण हें सांगून त्यांचा आनंद कमी करण्याचें कोणाच्याच मनांत आलें नाहीं.

पहिला पेंच पडला तो आहाराचा. बशी मांसाहारी. तिला गांडुळें हवींत, झिंगे हवेत, माशाचे तुकडे हवेत. आणि आमच्या घरांत अजून कांदा-लसूण चातुर्मासांत वर्ज्य आहे. सासूबाई काय म्हणतील या विचारानें धाकट्या जाऊबाईंना दोन रात्री झोंप आली नाहीं. सासूबाई मात्र सरळ बोलल्या, "तिच्या जातीला देवानें जें नेमून दिलें तें ती खाणार. वाघाला वरणभात घालून तो वाघ राहील का? पण माझ्या स्वयंपाकघरांत तें येतां कामा नये, आणि घालणाऱ्यानें हात धुऊनच घरांत यावें." झालें. पडवींत एक लहानसा जुना फ्रिज आला, त्याची सुरी वेगळी, ताटली वेगळी, आणि त्याची सोवळ्याची सीमा सर्वांनीं इमानानें पाळली. पुढें कार्तिकी एकादशीला सासूबाईंनीं विचारलें, "आज तिला उपास ना?" पुतण्या म्हणाला, "आजी, लहान पाकटाला रोज खावें लागतें, नाहीं तर तें वाळत जातें." "मग असूं दे," त्या म्हणाल्या, "बाळाला एकादशी नसते."

याच सुमारास आमच्याकडील वडील मंडळींनीं 'मानसोल्लासा'चा दाखला काढला. कल्याणीच्या चालुक्यांपैकीं तिसरा सोमेश्वर या राजानें ११२९ च्या सुमारास हा संस्कृत ग्रंथ रचिला. आपला हा मुलूख तेव्हां त्याच घराण्याच्या राज्यांत मोडत असे. त्यांत 'मत्स्यविनोद' म्हणून एक प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांना घालावयाचीं खाद्यें आणि गळ टाकण्याची कला असा सारा विषय राजानें हौसेनें वर्णिला आहे. "पाहा, माशांचा नाद कांहीं विलायतेहून आलेला नाहीं," असें ऐकवून मंडळी विजयी मुद्रेनें थांबली. सासूबाई वाती वळीत बसल्या होत्या. त्या मान वर न करतांच म्हणाल्या, "राजाच्या घरीं नदी होती. आपल्या घरीं नळ आहे." तेव्हां आम्ही सगळे हंसलों. त्या वाक्याची धार पुढें कळली.

कारण बशी वाढूं लागली. वर्षभरांत ती जेवणाच्या ताटाएवढी झाली. पहिली चार फुटी पेटी अपुरी पडली, तेव्हां ओसरीवर विटांचा भक्कम चौथरा बांधून सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी कांचेची टांकी बसवावी लागली. या माशाला उंचीपेक्षां रुंदी महत्त्वाची. त्याला वळतां आलें पाहिजे. हिशोब केला तर टांकींत हजार लीटर पाणी मावतें, म्हणजे नुसत्या पाण्याचेंच वजन हजार किलो. माडीवर ती ठेवण्याचा विचार कोणाच्या मनांत असेल तर त्यानें आधीं तुळयांना विचारावें. तळाला बारीक, गुळगुळीत वाळू हवी. टोंकदार खडीनें पोट सोलवटतें. अंगावर खवले नसल्यानें इतर माशांना चालणारीं तांब्याचीं औषधें याला बाधतात. पाणी तापविण्याचें यंत्र उघडें ठेवलें तर हा त्यावर अंग टाकून भाजून घेतो.

पण खरी मेख पाण्याची. मासा जें खातो त्याचा अंश अमोनियाच्या रूपानें पाण्यांत उतरतो आणि अमोनिया हें त्याला विष आहे. गाळणींत कांहीं सूक्ष्म जंतु वस्ती करितात. त्यांतले एक अमोनियाचें नायट्राइट करितात, तेंही विषच. दुसरे त्याचें नायट्रेट करितात, तें पुष्कळसें निरुपद्रवी. ही जंतूंची वसाहत जमण्यास आठवड्यांमागून आठवडे लागतात आणि ती जमेपर्यंत मासा आणणें म्हणजे पाया भरण्यापूर्वीं कुटुंब राहावयास नेणें होय. एवढें करूनही नायट्रेट सांचत जातें, तें घालविण्यास जुनें पाणी काढून नवें भरणें हाच उपाय. आम्ही दर रविवारीं चारशें लीटर बदलीत असूं. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन मारण्यासाठीं तें पिपांत भरून त्यांत हायपोचे खडे टाकावयाचे, एक दिवस हवा सोडावयाची, मग तें वापरावयाचें.

जालन्याच्या माणसाला चारशें लीटर हा आंकडा कसा ऐकूं येतो, हें पुण्यामुंबईकडील वाचकांच्या सहज ध्यानांत येणार नाहीं. निजामाच्या अमदानींत बांधलेल्या घाणेवाडीच्या तलावावर या गांवानें पिढ्या काढल्या. २०१२-१३ च्या दुष्काळांत एक बादली पाण्यांत दोघांचीं आंघोळीं उरकलेलीं आमच्या मुलांना आठवतात. २०१३ मध्यें पैठणच्या जायकवाडी धरणावरून नळ आला. तरी येथें नळाला रोज पाणी येत नाहीं, आणि पाणी येण्याच्या दिवशीं घरांतील कोणी गांवाला जात नाहीं. वाड्यांतील आड फाल्गुनांत तळ दाखवितो. आम्हीं काढलेलें जुनें पाणी वायां जात नसे. तुळस, पारिजातक, केळी त्या पाण्यावर तरारून आल्या होत्या. तेवढ्यानें आमच्या मनाचें समाधान होई.

उन्हाळा हा बशीचा वैरी. तिला सव्वीस-सत्तावीस अंश सुखाचे. येथें वैशाखांत पारा बेचाळिसाच्या वर जातो, आणि पाणी जितकें तापावें तितका त्यांतला प्राणवायु कमी होतो. २०२३ च्या मे महिन्यांत वळिवाच्या वादळानें वीज गेली ती नऊ तास आली नाहीं. गाळणी थांबली, हवेचा पंप थांबला, बशी पृष्ठभागाशीं येऊन धापा टाकूं लागली. तेव्हां सबंध घर ओसरीवर जमलें. एकेकानें अर्धा अर्धा तास पाळी घेऊन टांकींतलें पाणी तांब्यानें उचलावयाचें आणि हातभर उंचीवरून परत ओतावयाचें, म्हणजे त्याबरोबर हवा आंत जाते. दीर, जाऊबाई, मुलें, शेजारचे दोन विद्यार्थी, सर्वांच्या पाळ्या झाल्या. पहांटे तीनला पाहतें तों सासूबाई पाटावर बसून, अभिषेकाची धार धरावी तशी, तांब्या ओतीत होत्या. वीज आली तेव्हां बशी जिवंत होती. त्या रात्रीनंतर ती पुतण्याची राहिली नाहीं. ती घराची झाली.

तिच्या कांट्याविषयीं लिहिलें पाहिजे. शेंपटीवर करवतीसारखा दांतेरी कांटा असतो, त्यावरील त्वचेंत विष असतें. जुना कांटा गळून नवा येतो. हा मासा आपण होऊन अंगावर धांवत नाहीं. पाय पडला किंवा कोंडीत सांपडला तरच शेंपटी उसळते. ॲमेझॉनकाठचे लोक म्हणूनच उथळ पाण्यांतून पाय न उचलतां घासटत चालतात. कांटा लागला तर जखम सोसवेल तितक्या गरम पाण्यांत धरावी म्हणजे वेदना उतरते, आणि मग लागलीच डॉक्टरांकडे जावें. २००६ सालीं ऑस्ट्रेलियांतील प्रख्यात प्राणिमित्र स्टीव्ह आयर्विन यांचा समुद्रांतील पाकटाच्या कांट्यानें छातींत घाव बसून अंत झाला. असें क्वचित् घडतें, पण घडतें. आमच्या टांकीला कुलुपाचें झांकण होतें आणि पुतण्याखेरीज कोणीही आंत हात घालीत नसे. बशीचा कांटा आम्हांला कधीं लागला नाहीं.

लागला तो दुसराच. २०२३ चा पाऊस मराठवाड्यावर रुसला आणि २०२४ च्या उन्हाळ्यांत जालना जिल्ह्यांत गांवोगांव टँकर फिरूं लागले. आम्हीही पाणी विकत घेऊं लागलों. एका रविवारीं पुतण्या नळीनें टांकींतलें पाणी काढीत होता आणि मी तें बादलीनें केळीला घालीत होतें. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई तालुक्यांतील एका खेड्यांतून येतात. त्या पायरीवर उभ्या राहून बराच वेळ पाहत होत्या. मग म्हणाल्या, "वैनी, झाडाला घालायच्या आधी त्यातलं दोन डबे मी घेऊन जाऊ का? धुण्याला होईल." आवाजांत ना राग, ना टोमणा. पाण्याची किंमत ठाऊक असलेल्या बाईचा तो साधा प्रश्न होता. त्या दोन डबे भरून घेऊन गेल्या. पुतण्यानें नळी बंद केली आणि तो ओसरीच्या कांठावर बसून राहिला.

रात्रीं जेवणें झाल्यावर त्यानें वही आणली. ग्रामीण घरांना नळानें पाणी देण्याची 'जल जीवन' योजना २०१९ मध्यें सुरू झाली, तिनें माणशीं दररोज पंचावन्न लीटर हें माप धरलें आहे. म्हणजे बशीचें एका रविवारचें पाणी एका माणसाला आठवडाभर पुरावें. आणि तें पंचावन्न लीटरसुद्धां त्या उन्हाळ्यांत किती घरांना मिळत होतें! बशी आणखी वाढणार, दहा-पंधरा वर्षें जगणार. पुढें तिला याच्या दुप्पट टांकी आणि दुप्पट पाणी लागणार. दीर म्हणाले, "नाथसागरांत सोडून देऊं. मोठें पाणी आहे, सुखानें राहील, पुण्यही लागेल." पुतण्या चटकन् म्हणाला, "नाहीं बाबा. सिंगापुरांतल्या तलावांत लोकांनीं असेच मोटोरो सोडले, ते तेथें रुजले आणि पिलें घालूं लागले. कोळ्यांच्या, म्हशी धुणाऱ्यांच्या पायांखालीं कांटा ठेवून आपण पुण्य कसलें घेणार?" मग थोडा थांबून तो मला म्हणाला, "काकू, मीं तिला आणलें तेव्हां माप बशीचें धरलें. परातीचें धरायला हवें होतें."

मला त्या मुलाचें कौतुक वाटलें. दुकानांतलें पिलूं पाहून मोह पडणें सोपें. त्या पिलाचें पूर्ण वाढलेलें रूप, त्याचें अन्न, पाणी, वीज आणि आयुष्य आपल्या घराच्या ऐपतीशीं ताडून पाहणें हें कठीण, आणि तें आम्हां वडील माणसांनाही सुचलें नव्हतें. कायद्यानेंही आतां हा हिशोब मागावयास सुरुवात केली आहे. २०२२ सालीं पनामा येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें या कुळांतील कित्येक जाती व्यापारावर नियंत्रण असलेल्या यादींत घातल्या. आपल्याकडे त्याच वर्षीं वन्यजीव कायद्यांत दुरुस्ती होऊन तशा परदेशी प्राण्यांसाठीं वेगळी अनुसूचि आली, आणि २०२४ च्या नियमांनीं अनुसूचींतील प्राणी बाळगणाऱ्यावर त्यांची नोंद करण्याचें बंधन आलें. घेणाऱ्यानें दुकानदाराच्या शब्दावर न विसंबतां हें आधीं पाहावें.

पुतण्याच्या ओळखीचे एक गृहस्थ पुण्यास आहेत. त्यांनीं घराच्या तळमजल्यावर बारा फूट लांबीचा हौद बांधला असून, छपरावरील पावसाचें पाणी सांठवून आणि काढलेलें पाणी शुद्ध करून तें पुन्हां वापरण्याची त्यांची व्यवस्था आहे. त्यांनीं बशीला घेण्याचें कबूल केलें. जून उजाडला. आदल्या दिवशीं तिला खाणें दिलें नाहीं, म्हणजे प्रवासांत पाणी नासत नाहीं. कांट्यावर मऊ रबरी नळीचा तुकडा बसविला, दुहेरी पिशवींत प्राणवायु भरला आणि ती पिशवी थर्माकोलच्या मोठ्या पेटींत ठेविली. उन्हाचा ताप नको म्हणून रात्रीं निघावयाचें ठरलें. पेटी मोटारींत चढतांना सासूबाईंनीं झांकणावर हळदकुंकवाचें बोट टेकविलें. कोणीं कांहीं बोललें नाहीं. मुलगी सासरीं निघाली कीं घराचें जें होतें, तेंच झालें. पुतण्या दुसऱ्या दिवशीं परतला आणि आठ दिवस ओसरीकडे फिरकला नाहीं.

टांकी विकून टाकली. चौथरा मात्र पाडला नाहीं. त्यावर पाण्याची झांकणबंद टांकी बसवून वाड्याच्या पन्हाळीचें पाणी आम्हीं तींत घेतलें आहे. गेल्या पावसाळ्यांत ती भरली, तेव्हां कामाच्या बाईंना आधीं सांगितलें, "लागेल तेव्हां न्या."

२०२५ च्या श्रावणांत पुण्याहून पत्राऐवजीं हल्लींच्या रीतीप्रमाणें फोनवर चित्र आलें. बशी व्याली होती. हा मासा अंडीं घालीत नाहीं, जिवंत पिलांना जन्म देतो, आणि पिलें पोटांत असतांना आईच्या गर्भाशयांतून पाझरणाऱ्या दुधासारख्या रसावर वाढतात. मीं हें सांगतांच सासूबाईंनीं चष्मा लावून चित्र पुन्हां पाहिलें. परातीएवढ्या आईच्या बाजूला वाळूंत दोन बश्या निजल्या होत्या. "पाळणा हालला म्हणावयाचा," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवशीं नैवेद्याला खीर झाली.

मी पुष्कळ दिवस एका शब्दाचा विचार करीत आहें. आपल्या भाषेंत प्राणी पाळतात, आणि व्रतही पाळतात, वचनही पाळतात. तिन्हींना क्रियापद एकच. आम्हीं बशीला अडीच वर्षें सांभाळलें, तिच्यासाठीं रात्री जागलों; पण तिला पाळलें असें म्हणण्याचा हक्क आम्हांला मिळाला तो, आमच्या घरीं तिचें सारें आयुष्य पुरवितां येणार नाहीं हें कबूल करून ज्या रात्रीं आम्हीं तिला निरोप दिला, त्या रात्रीं.